मलेरियाच्या गोळीनं हार्ट जातं?

"मलेरियाच्या गोळीनं हार्ट कायमचं निकामी होतं." पावसाळा लागला की कोल्हापुरात पेठापेठांतल्या ग्रुपवर हे फिरतंच. भीती निराधार नाही, गफलत मुदतीची आहे. मलेरियासाठी क्लोरोक्विनचा कोर्स ३ दिवसांचा. हृदयाचा स्नायू कमकुवत झाल्याची उदाहरणं विरळ, आणि ती बहुतेक संधिवात किंवा ल्युपससाठी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) वर्षानुवर्षं क्लोरोक्विन किंवा तिच्याच जातकुळीतली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांची. ठोक्यांची लय मात्र थोड्या दिवसांतही बिघडू शकते, विशेषतः जोडीला अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक असेल तर; म्हणून चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवायच्याच.

पडताळणी सोपी आहे. चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि किती दिवस, ते बघा. गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल का ते विचारा; डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. परस्पर गोळी बंद करू नका, अर्धवट उपचारानं मलेरिया उलटतो.