गोठवलेली मासळी रीफर कंटेनरने युरोपला : फाईल कुठे अडते आणि कोणते कागद आधी जमवावेत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गोठवलेला म्हाकूल, राणी मासा किंवा समुद्री कोळंबी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरने युरोपला पाठवू पाहणाऱ्या नव्या निर्यातदाराची फाईल सहसा कंटेनरपाशी अडत नाही. मासळी जेट्टीवर उतरली त्या दिवशीचा कागद नसतो, तिथे ती अडते. हे कळते तेव्हा माल कोल्ड स्टोरेजमध्ये पडून असतो आणि भाडे रोज चढत असते. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे थोडक्यात आहेत आणि अडणाऱ्या जागा सविस्तर.

अर्ज कोण करू शकतो

स्वतःचा प्रक्रिया कारखाना नसला तरी निर्यात करता येते. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमपेडाकडे, 'मर्चंट एक्स्पोर्टर' म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी मान्यताप्राप्त कारखान्याशी लेखी करार हवा. तोंडी ओळखीवर ही नोंदणी होत नाही. कारखान्याला निर्यात निरीक्षण परिषदेची मान्यता हवीच. युरोपसाठी त्याचा मान्यता क्रमांक युरोपीय संघाच्या यादीतही हवा. 'आमचा माल बाहेर जातो' या शब्दावर करार करू नका. काही कारखान्यांचा माल आखाती देशांत जातो, पण युरोपच्या यादीत त्यांचे नाव नसते. क्रमांक मागून घ्या आणि यादीत स्वतः पाहा.

बाकी कागद सरळ आहेत: डीजीएफटीचा, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचा, आयात-निर्यात कोड (फी ५०० रुपये), जीएसटी नोंदणी, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, चालू खाते आणि आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, नोंदवलेला बँकेचा एडी कोड (परदेशी पैसे ज्या शाखेत येतात तिचा क्रमांक). यातल्या दोन तारखा मात्र लोक चुकतात. आयात-निर्यात कोड कायमचा असतो हे खरे, पण दरवर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत डीजीएफटीच्या पोर्टलवर जाऊन माहिती तपासून 'बरोबर आहे' एवढे तरी नोंदवावे लागते. काहीच बदलले नसेल तरीही. हे राहिले तर कोड निष्क्रिय होतो आणि शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यात अर्ज, भरता येत नाही. दुसरी तारीख जीएसटीच्या एलयूटीची, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठी दिलेल्या हमीपत्राची. ते आर्थिक वर्षापुरते असते. फेब्रुवारीत काढलेले एलयूटी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत नव्हे, ३१ मार्चपर्यंतच चालते.

कुणाकडेच नसणारा कागद

युरोपीय संघाचा बेकायदा मासेमारीविरोधी नियम, क्रमांक १००५/२००८, १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यानुसार समुद्रात पकडलेल्या मासळीच्या प्रत्येक खेपेबरोबर कॅच सर्टिफिकेट, म्हणजे मासळी कुणी, कुठे, कधी पकडली याचे प्रमाणपत्र, लागते. आपल्याकडे ते एमपेडा प्रमाणित करते. त्यात बोटीचे नाव, पूर्ण नोंदणी क्रमांक, मासेमारी परवान्याचा क्रमांक व मुदत, पकडल्याच्या तारखा, क्षेत्र, जात आणि वजन लिहायचे असते. आपला अरबी समुद्र एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, क्षेत्र ५१ मध्ये येतो. सवयीने ५७ लिहिले की माल बंगालच्या उपसागरातला ठरतो.

आता जेट्टीवर काय होते ते पाहा. मिरकरवाडा, हर्णे किंवा साखरीनाट्याला पहाटे पाच-सात बोटींचा माल एका लिलावात जातो. व्यापारी तो एकत्र करून बर्फात भरतो आणि संध्याकाळी कारखान्यात पोहोचवतो. कारखान्याच्या वहीत व्यापाऱ्याचे नाव असते, बोटीचे नसते. तीन आठवड्यांनी अर्ज भरायला बसले की शोधाशोध सुरू होते. तांडेल (बोटीचा प्रमुख) समुद्रात, मालक फोन उचलत नाही आणि परवान्याची प्रत कुणाकडेच नाही. अशा वेळी ओळखीच्या बोटींचे क्रमांक टाकून द्यायचा मोह होतो. कृपा करून तसे करू नका. एमपेडाकडे बंदरावरच्या नोंदी असतात. ती बोट त्या दिवशी किनाऱ्यावर उभी होती असे निघाले तर अर्ज तर जातोच, पुढच्या प्रत्येक अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते.

त्यापेक्षा खरेदीच्या दिवशीच एक चिठ्ठी भरून घ्या: बोट, क्रमांक, निघाल्याची आणि परतल्याची तारीख, जाळ्याचा प्रकार, जात, किलो, आणि तांडेल किंवा मालकाची सही. सोबत परवान्याचा मोबाइलवर काढलेला स्पष्ट फोटो, मुदतीची तारीख दिसेल असा. व्यापारी कुरकुर करेल. दर ठरवतानाच त्याला ही अट सांगितली तर चिठ्ठी मिळते, नंतर मागितली तर मिळत नाही. लहान बोटींसाठी सोपा नमुना आहे, त्यात अनेक बोटी एकाच प्रमाणपत्रात बसतात. पण बोटींची नावे-क्रमांक त्यातही सुटत नाहीत.

आणखी तीन ठिकाणी अर्ज परत येतात.

पहिले, पावसाळी बंदी. १ जून ते ३१ जुलै या काळातली पकडल्याची तारीख यांत्रिक बोटीसमोर दिसली की प्रश्न आलाच. माल मे महिन्यातला असेल आणि गोठवला जूनमध्ये असेल, तर दोन्ही तारखा वेगळ्या लिहा.

दुसरे, वजन. डोके, आतडी, साल काढल्यावर म्हाकुलाचे वजन बरेच उतरते. जेट्टीवर आलेल्या मालाचे आणि निर्यातीच्या मालाचे वजन सारखेच दाखवले तर हिशेब कुणालाच पटत नाही. ग्लेझचे, म्हणजे वरून चढवलेल्या बर्फाच्या थराचे, वजन निव्वळ वजनात धरू नका.

तिसरे, शास्त्रीय नाव. म्हाकुलाचे जुने नाव लॉलिगो डुवॉसेली, आताचे यूरोट्यूथिस डुवॉसेली. इनव्हॉइसवर एक आणि आरोग्य प्रमाणपत्रावर दुसरे असेल तर तिकडचा अधिकारी माल थांबवतो. सगळ्या कागदांवर एकच नाव ठेवा.

तळ्यात वाढवलेल्या व्हॅनामेई कोळंबीला कॅच सर्टिफिकेट लागत नाही. तिथे तळ्याची एमपेडाकडची नोंद आणि काढणीपूर्व प्रतिजैविक चाचणीचा अहवाल लागतो. काढणी झाल्यावर नमुना देऊन हा अहवाल मिळत नाही.

आरोग्य प्रमाणपत्र आणि सील

आरोग्य प्रमाणपत्र निर्यात निरीक्षण अभिकरण, म्हणजे निर्यात निरीक्षण परिषदेची क्षेत्रीय संस्था, देते. प्रमाणपत्रावर कंटेनर क्रमांक आणि सील क्रमांक असतो. कस्टमने तपासणीसाठी सील तोडून नवे लावले आणि प्रमाणपत्रावर जुनेच राहिले, तर युरोपच्या बंदरावर कंटेनर अडकतो. सील बदलले की त्याच दिवशी क्रमांकाचा फोटो घेऊन अभिकरणाकडे दुरुस्ती मागा. बोट सुटल्यावर 'करून घेऊ' म्हणणाऱ्या एजंटावर विसंबू नका. प्रमाणपत्र माल निघण्याआधीच्या तारखेचे हवे, आणि मागची तारीख घालून दिलेला कागद तिकडे ओळखू येतो.

रीफरची बुकिंग

बुकिंगमध्ये तापमान 'उणे १८ सेल्सिअस' असे अक्षरी लिहून घ्या. उण्याचे चिन्ह गळाले तर कंटेनर अधिक १८ वर लागतो. गोठवलेल्या मालासाठी हवेची झडप बंद. रिकामा कंटेनर घेताना पीटीआय, म्हणजे पूर्वतपासणी, झाल्याची खूण आणि तारीख पाहा.

रीफर माल गोठवत नाही, गोठलेला माल तसाच टिकवतो. खोक्याच्या गाभ्यात उणे १८ असेल तेव्हाच भरा. युरोपच्या नियमात वाहतुकीदरम्यान थोड्या वेळापुरती तीन अंशांपर्यंतची वाढ चालते, ती प्रवासासाठी राखून ठेवा. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत दार उघडे ठेवून मशीन चालू ठेवले की कॉइलवर बर्फ जमतो आणि पुढे थंडावा कमी पडतो. म्हणून बंदिस्त थंड डॉक नसेल तर भरताना मशीन बंद ठेवा. खोकी आतल्या लाल रेषेच्या वर जाऊ देऊ नका, हवा परतायला तीच वाट असते.

रत्नागिरीहून न्हावा शेवा तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. ट्रेलरला जनरेटर आहे का आणि डिझेल कुणाचे, हे लेखी ठरवा. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन, व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून सक्तीचे आहे. त्यात रिकाम्या कंटेनरचे वजनही धरायचे. बोट सुटण्याची तारीख म्हणजे कटऑफ, म्हणजे शेवटची मुदत, नव्हे. व्हीजीएमचा, कागदांचा आणि बंदराच्या फाटकाचा कटऑफ वेगवेगळा असतो आणि तिन्ही आधीच संपतात. महामार्गावर घाटात एक ट्रक आडवा झाला तरी निम्मा दिवस जातो, तेवढी सवड धरूनच कंटेनर हलवा.

ताजा हापूस रीफरने पाठवणाऱ्यांनी ही माहिती जशीच्या तशी वापरू नये. तिथे संस्था अपेडा (शेतमाल निर्यातीचे प्राधिकरण), कागद वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि तापमान साधारण १२-१३ अंश. त्याखाली बराच काळ राहिला तर फळाची साल काळवंडते आणि ते नीट पिकत नाही.

बोट सुटल्यावर

कॅच सर्टिफिकेट तिकडच्या आयातदाराने बोट पोहोचण्याच्या किमान तीन कामाचे दिवस आधी सादर करायचे असते. शनिवार, रविवार आणि तिथल्या सुट्ट्या यात मोजत नाहीत. सोमवारी पोहोचणाऱ्या मालाचे कागद आधीच्या बुधवारपर्यंत दाखल व्हायला हवेत. १० जानेवारी २०२६ पासून आयातदाराला ही माहिती युरोपच्या 'कॅच' या ऑनलाइन प्रणालीत भरावी लागते. त्यामुळे मूळ कागद कुरिअरने पोहोचण्याची वाट न पाहता स्पष्ट स्कॅन बोट सुटल्याच्या दिवशीच पाठवा आणि आयातदाराकडून 'सादर केले' असे लेखी उत्तर मागवा.