भीतीला शब्द मिळाले की

कोळी पाहताच ज्यांचे हातपाय गार पडतात, अशा ८८ जणांना लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी उघड्या पेटीतल्या टॅरँटुला या जिवंत, मोठ्या कोळ्याच्या जवळ जाण्यास, आणि धीर झाल्यास त्याला स्पर्श करण्यास सांगितले. त्यानंतर त्यांचे चार गट करून त्यांना दुसऱ्या एका टॅरँटुलासमोर बसवण्यात आले. पहिल्या गटाने आपल्याला काय वाटते ते स्पष्ट शब्दांत बोलायचे होते. दुसऱ्याने ‘हा काही करत नाही’ अशी स्वतःची समजूत घालायची होती. तिसऱ्याने भलत्याच विषयावर बोलायचे होते आणि चौथ्याने गप्प राहायचे होते. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर नेले, तेव्हा पहिल्या गटातील लोकांच्या तळहातांना घाम कमी सुटत होता आणि ते इतरांपेक्षा थोडे अधिक जवळ गेले. विशेष म्हणजे, भीती आणि चिंता व्यक्त करणारे शब्द ज्यांनी अधिक वापरले, त्यांची प्रगती अधिक झाली. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखवले होते, की चेहऱ्यावरील भावनेला शब्दाने ओळखताना अमिग्डला या मेंदूतील भागाची प्रतिक्रिया मंदावते आणि कपाळामागच्या उजव्या भागाची सक्रियता वाढते. भीतीच्या प्रसंगी अमिग्डला तत्परतेने सक्रिय होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

मात्र मनातले बाहेर काढणे म्हणजे आदळआपट करणे नव्हे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणून पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा अधिक निघाला. लिहून व्यक्त होण्याचा परिणामही तत्काळ सुखद नसतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस १५ मिनिटे आपल्या वेदनादायक अनुभवांविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे लगेच अधिक खिन्न झाले, पण पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच आढळला आहे.

मराठीत धाकधूक, धास्ती, हुरहूर, रुखरुख, चुटपुट असे जवळचे तरी वेगळे शब्द आहेत, आणि माझ्या मते ही फार मोलाची सोय आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मूल ‘पोटात कसेतरी होते’ म्हणते, तेव्हा आपण बहुधा ‘काही होत नाही, झोप’ असे म्हणतो, म्हणजे त्याला दुसऱ्या गटात बसवतो. त्याऐवजी ही पेपरची धाकधूक आहे, की काही वाचायचे राहिल्याची रुखरुख, एवढे तरी त्याला विचारता येईल.