ऑइलचा डबा घेताना मागची बाजू वाचा

नमस्कार मंडळी, आमच्या गॅरेजला बरेच कस्टमर इंजिन ऑइलचा डबा बाहेरून स्वतःच घेऊन येतात, आमची काहीच हरकत नाही, पण कितीतरी वेळा तो परत करायला सांगावा लागतो कारण घेताना फक्त ५डब्ल्यू-३० एवढंच बघितलेलं असतं. त्यावरून ऑइल किती पातळ ते कळतं, आत ॲडिटिव्ह (मिसळलेली रसायनं) कुठले ते नाही. ते कळतं गाडीच्या कंपनीच्या अप्रूव्हल नंबरवरून. फोक्सवॅगन-स्कोडाचा ५०२ ०० किंवा ५०७ ००, मर्सिडीजचा २२९.५१, रेनॉचा आरएन०७२०, असा नंबर मॅन्युअलमध्ये असतो, तोच डब्याच्या मागे शोधायचा.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर नक्कीच. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्यात साठलेली काजळी गाडी गरम झाली की जळून जाते पण ऑइलमधली राख जळत नाही, ती तिथेच बसते आणि हळूहळू फिल्टर चोक होतो. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) ऑइलचे वर्ग ठरवते, त्यातल्या सी३ मध्ये राख जास्तीत जास्त ०.८ टक्के, ए३/बी४ मध्ये १.६ टक्क्यांपर्यंत चालते, आणि दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असू शकतं!! त्यात आपलं रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे नाशिकात कॉलेज रोड ते द्वारका, सिग्नलला थांबत थांबत, काजळी पूर्ण जळतच नाही, तेव्हा अधूनमधून गाडी हायवेला घोटीपर्यंत तरी एकसारख्या स्पीडने काढा. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, लगेच घेऊन या.

जुनी स्कोडा लॉरा १.९ टीडीआय डिझेल असेल तर ५०५ ०१ लागतं, त्या इंजिनात इंजेक्टर (डिझेल फवारणारे) कॅमवरच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच चालतात, चुकीच्या ऑइलने कॅम झिजतो आणि तो खर्च खरंच परवडत नाही. नवीन नंबरचं महाग ऑइल म्हणजे चांगलं असंही नाही, ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२०, खूप पातळ, ५०२ ०० वाल्या गाडीत ते टाकायचं नाही.

अजून एक, 'अप्रूव्हड' आणि 'रेकमेंडेड' यात फरक आहे. पहिलं गाडीच्या कंपनीने टेस्ट करून दिलेलं, दुसरं ऑइलवाला स्वतः म्हणतो. वॉरंटीतल्या गाडीत आम्ही दुसरं टाकत नाही.

यायच्या आदल्या दिवशी मॅन्युअलमधल्या ऑइलच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, बघून सांगतो. आणि डबा आधीच घेतला असेल तर सील फोडू नका.