बी धरत नाही, तरी पसरते

"संकरित आहे, म्हणजे वांझ. बिनधास्त लावा, कुठे पसरणार नाही." म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपं बघताना हे वाक्य कित्येकदा कानावर पडतं. त्यातला पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो. दुसरा मात्र त्यातून निघत नाही, आणि ते पटायला कलांचो हॉटोनाय हे एकच झाड पुरेसं आहे.

आपल्या पानफुटीचं हे जवळचं नातेवाईक. पानफुटी मूळची मादागास्करची, पण गोव्यात चिऱ्यांच्या गडग्यांवर ती इतकी रुळली आहे की परकी वाटत नाही. तिची दोन मादागास्करी भावंडं म्हणजे पाठीवर जांभळट डाग असलेल्या रुंद पानांची डेग्रेमोंटियाना आणि पेन्सिलीसारख्या गोल पानांची डेलागोएन्सिस. 1930च्या दशकात अमेरिकेत आर्थर हॉटन यांनी या दोघींचा संकर केला. पान दोघींच्या मधलं आलं: अरुंद, लांबट, डागाळलेलं, कडा वर वळलेल्या.

खरी गंमत पेशीत आहे. डेग्रेमोंटियानात 34 गुणसूत्रं, म्हणजे 17चे दोन संच. डेलागोएन्सिसमध्ये 68, म्हणजे चार संच. पराग आणि बीजांड तयार होताना संख्या निम्मी होते. एकीकडून 17 आली, दुसरीकडून 34. संकराच्या वाट्याला 51, तीन संच. वाढायला काहीच अडचण नाही, कारण साध्या पेशीविभाजनात प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होऊन दोन्ही पेशींना सारखा वाटा मिळतो. अडतं ते फुलात. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात, गुणसूत्रं आधी जोड्या लावतात, मग जोडीतली दोघं दोन टोकांना जातात. इथे प्रत्येक प्रकारची तीन गुणसूत्रं, त्यातल्या दोघांची जोडी जमली की तिसरं एकटं पडतं. असं 17 वेळा, आणि प्रत्येक उरलेलं गुणसूत्र कुठल्या टोकाला जाईल याचा नेम नाही. निव्वळ योगायोगावर सोडलं तर परागकणात नेमकी 17 किंवा नेमकी 34 गुणसूत्रं पडण्याची शक्यता 65,536मध्ये 1! बाकी सगळे अर्धवट संच, म्हणून बी धरत नाही. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत बी नसते, त्यामागेही हेच तीन संच आहेत. (हॉटोनायची 68 गुणसूत्रांची झाडंही सापडतात, एका पालकाची संख्या निम्मी न होताच पुढे गेली, तर असं होऊ शकतं.)

आता पान हातात घ्या. काठाच्या खाचाखाचांत इवली रोपं बसलेली असतात, प्रत्येकाला पानांची जोडी आणि खाली हवेतच लोंबणारी मुळं. पानफुटीला अशी रोपं बहुधा पान गळून पडल्यावर फुटतात. इथे ती झाडावरच तयार असतात. बोट लागलं की टपटप खाली. यात पराग नाही, बीजांड नाही, जोड्या लावणं नाही. 51ची 51 गुणसूत्रं जशीच्या तशी पुढे जातात. स्पेनच्या किनाऱ्यावर आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हा संकर असाच रानोमाळ झाला आहे.

मुतखड्यावर पानफुटीची पानं चावणाऱ्यांना कळकळीने सांगतो: या कुळात हृदयावर परिणाम करणारी ब्युफाडायेनोलाइड नावाची विषारी द्रव्यं असतात आणि ऑस्ट्रेलियात यातल्या झाडांनी गुरं मेली आहेत. खड्यासाठी डॉक्टरकडेच जा. बाजारातली प्रत्येक 'पानफुटी' तीच असते असंही नाही.

हे झाड ठेवायचं तर कुंडीत, खाली ताटली ठेवून. नको झालं तर उपटून गडग्यापलीकडे फेकू नका. पावसाच्या पाण्याबरोबर रोपं थेट व्हाळात जातील. पिशवीत घट्ट बांधून पूर्ण कुजू द्या, आणि कुंडीच्या आसपासची माती पुढचा पावसाळाभर तपासत राहा.