मोठा महादेव आणि पचमढी: एका डोंगराकडे जाणाऱ्या दोन वाटा

श्रावण लागला की नागपुरात गणेशपेठच्या बसस्थानकावर वेगळीच गर्दी दिसू लागते. अंगावर प्लास्टिकची बरसाती, हातात काठी, पायात स्लीपर नाहीतर काहीच नाही. मधूनच कुणीतरी आरोळी ठोकतो, 'एक नमन गौरा पार्वती', आणि आजूबाजूचे सगळे 'हर बोला हर हर महादेव' म्हणून साथ देतात. पोळ्याच्या तोरणाखाली ऐकू येते तीच ही आरोळी. ही मंडळी महादेवाच्या डोंगरातल्या नागद्वारच्या यात्रेला निघालेली असतात. त्याच आठवड्यात भाड्याची गाडी करून, ट्रेकिंगचे बूट घालून कॉलेजची पोरेही निघतात. ती त्याच डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणी, मध्य प्रदेशातल्या पचमढीला चाललेली असतात. रस्ता मात्र दोघांचा एकच: सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली आणि मग वर.

माझी आजी नागपूरच्या महाल भागात राहायची. 'पचमढी' हे नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. तिच्यासाठी तो 'मोठा महादेव' होता, आणि तिथे फिरायला जात नसत, नवस फेडायला जात. पुढे शाळेच्या सहलीत तिथला धबधबा पाहून आलो आणि तिला कौतुकाने सांगू लागलो, तर तिचा एकच प्रश्न: "गड चढलास का?" गड म्हणजे महादेवाचा चौरागड. चढलो नव्हतो. मग तिच्या लेखी मी गेलोच नव्हतो.

पचमढीच्या इतिहासाचेही असेच झाले आहे. माहितीफलक वाचले तर तो एका इंग्रज कॅप्टनपासून सुरू होतो. नागपूरच्या बाजूने पाहिले तर सुरुवात बरीच आधी करावी लागते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. पुढच्या वर्षी अप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे नेत असताना ते वाटेतूनच निसटले आणि थेट महादेवाच्या डोंगरात शिरले. तिथल्या गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. दऱ्या, घनदाट साल-सागवान आणि एकही धड रस्ता नाही, अशा मुलखात नागपूरचा राजा काही महिने इंग्रजांना हुलकावण्या देत राहिला. १८१९ च्या सुरुवातीला ते अशीरगडाकडे निघून गेले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. आज 'जीप सफारी' म्हणून आपण पैसे मोजून ज्या दऱ्या पाहतो, त्यांचा नागपूरला झालेला पहिला मोठा उपयोग हा असा, लपण्याचा.

चाळीस वर्षांनी हेच पुन्हा घडले. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरले, नागपूरच्या रोखाने. हर्राकोटचे कोरकू आदिवासी जहागीरदार भभूतसिंह यांनी त्यांना साथ दिली आणि तात्या निघून गेल्यावरही डोंगरात लढा चालू ठेवला. शेवटी इंग्रजांनी त्यांना पकडून ठार केले. त्यांच्या मुलखातले बोरीचे जंगल सरकारजमा झाले आणि १८६५ मध्ये राखीव म्हणून जाहीर झाले. देशातले पहिले राखीव जंगल म्हणून बोरीचे नाव वनखाते अभिमानाने सांगते. त्यामागची ही जप्ती सहसा कुणी सांगत नाही. अलीकडे, जून २०२५ मध्ये, मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाने पचमढीतच बैठक घेऊन भभूतसिंहांचे स्मरण केले, एवढे खरे.

आता तो कॅप्टन. जेम्स फोर्सिथ. त्याने १८५७ साली पचमढी 'शोधली' असे जागोजागी लिहिलेले आढळते. खुद्द फोर्सिथच्या पुस्तकात मात्र त्याची मोहीम जानेवारी १८६२ मध्ये जबलपूरहून सुरू होते. तेच साल जास्त पटते. नोव्हेंबर १८६१ मध्ये नागपूरचा प्रांत आणि सागर-नर्मदेचा प्रदेश जोडून मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर ठरली, आणि नव्या सरकारला आपल्याकडे जंगल किती, त्यात लाकूड किती, हे मोजायचे होते. फोर्सिथ त्या कामावर होता. पठारावर त्याने बांधलेला 'बायसन लॉज' आजही उभा आहे, त्यात वनखात्याचे संग्रहालय आहे. नाव अर्थातच रानगव्यांवरून, ज्यांच्या शिकारीची त्याला भारी हौस. १८७१ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी तो तरुण वयातच वारला. 'शोधली' या शब्दाबद्दल एवढेच म्हणतो की तो पोहोचला तेव्हा तिथे कोरकू ठाकुराची वस्ती होती आणि महादेवाच्या यात्रेला माणसे येतच होती.

त्यानंतरची वाढ नागपूरच्या उन्हाने केली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, ज्याने काढला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आज कूलरमध्ये पाणी टाकून आपण निभावतो. साहेबांकडे वाळ्याच्या ताट्या आणि पंखा ओढणारा माणूस होता, तरी ते टिकत नव्हते. सुमारे हजार मीटर उंचीवरचे, सपाट आणि पाण्याचे पठार हाताशी आल्यावर तिथे गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम झाले, छावणी झाली, चर्च झाले, बंगले झाले आणि पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. गंमत म्हणजे जाणे सोपे नव्हते. मुंबईहून रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये आली, पिपरियावरून जाणारा जबलपूरचा मार्ग १८७० मध्ये पुरा झाला, पण इटारसी ते नागपूर हा सरळ दुवा १९२० च्या दशकात जोडला गेला. सुरुवातीच्या काळात नागपूरहून रेल्वेने पचमढी गाठायची म्हणजे आधी पश्चिमेला भुसावळपर्यंत जायचे, तिथून वळून पिपरियाला उतरायचे आणि मग घाट चढायचा.

या साहेबी काळाने पठारावर फिरण्याची एक रीत बसवली. ठरलेले 'पॉइंट', ठरलेले धबधबे, पोहायचा डोह, सूर्यास्ताला धूपगड. १,३५२ मीटरचा धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. नावे पुढे बदलली: फोर्सिथ पॉइंटचा प्रियदर्शिनी झाला, फेअरी पूलचा अप्सरा विहार, सिल्व्हर फॉलचा रजत प्रपात. बी फॉलला मात्र सगळे अजून बी फॉलच म्हणतात. हे सगळे दिसते ते तिथल्या दगडामुळे. आपला भोवतालचा काळा बेसाल्ट तिथे नाही. आहे तो जुना वालुकाश्म, नद्यांनी साठवलेला. पाणी तो उभा चिरत जाते, म्हणून हांडी खोहसारख्या सरळसोट दऱ्या झाल्या, आणि खालून झिजतो तिथे माणसाने आसरा घ्यावा अशा कपारी. त्या कपारींतली चित्रे आणि दगडी हत्यारे १९३० च्या दशकात जी. आर. हंटर यांनी उत्खनन करून अभ्यासली. अहवाल छापला नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकाने.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. नागपूरची राजधानी गेली आणि तिच्याबरोबर उन्हाळी राजधानीही सीमेपलीकडे राहिली. आधी नागपूरचे सरकार उन्हाळ्यात वर जायचे. आता मुंबईचे सरकार हिवाळ्यात अधिवेशनाला खाली नागपुरात येते.

सरकार जायचे थांबले, लोक थांबले नाहीत. महाशिवरात्रीला विदर्भातून निघालेले जथे जुन्नारदेवच्या 'पहिल्या पायरी'ला माथा टेकतात, वाटेतल्या भुराभगताच्या स्थानाला भेट देऊन चौरागड चढतात. खांद्यावर त्रिशूळ असतो. काहींचा हातभर, काहींचा इतका जड की तो चार जण आळीपाळीने वाहतात. तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून तो देवाला वाहायचा. वर मंदिराभोवती गंजलेल्या त्रिशुळांचे अक्षरशः जंगल झाले आहे.

नागद्वारची गोष्ट आणखी वेगळी. ती वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून जाते, म्हणून वर्षभर बंद असते आणि नागपंचमीच्या आगेमागे आठ-दहा दिवसच उघडते. ऐन पावसात चिखल, ओढे, कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या, मग काजळी गाव, मग पद्मशेषाची गुहा. वाटेत विदर्भातली सेवा मंडळे तंबू टाकून बसलेली असतात. ओल्या लाकडाचा धूर, पातेल्यात रटरटणारी खिचडी, आणि वाढणारा प्रत्येकाला 'घ्या भगत' म्हणतो. समोरचा ब्रँडेड बूट घालून आलेला असला तरी तोही भगतच.

दोन वर्षांपूर्वी मीही गेलो. शिडीवर माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या, नऊवारीचा काष्टा, पाय अनवाणी. माझे ग्रिपचे बूट घसरत होते. वर पोहोचल्यावर त्यांनी हात दिला आणि विचारले, "पहिल्यांदाच आला का, भगत?"