विदारण आणि क्षरण : किनाऱ्यावरची गुहा कोण कोरते?

खानदेशात तापीच्या गाळापासून दूर, डोंगराकडच्या गावात विहीर खणू लागले की आधी काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम, मग कुदळीला जेमतेम दाद देणारा कच्चा खडक आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. हे सारे मुळात एकाच बेसॉल्टचे, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचे आहे. वरचा भाग जागच्या जागी कुजला, खालचा अजून कुजायचा आहे, एवढाच फरक. या कुजण्याला विदारण म्हणतात.

क्षरण ही निराळी गोष्ट आहे. तापीच्या काठच्या मऊ गाळात पावसाच्या पाण्याने खोल घळी पाडल्या आहेत आणि त्या घळींतली माती नदीने केव्हाच पुढे नेली आहे. सुटा झालेला माल उचलला जाऊन दुसरीकडे गेला, तर ते क्षरण. तो होता तिथेच राहिला, तर विदारण. बोलताना आपण दोन्हींना ‘झीज’ म्हणून मोकळे होतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

समुद्रकिनाऱ्यावरच्या अग्निजन्य खडकात गुहा कशी होते, हे सांगताना ‘लाटांनी कोरली’ असे एका वाक्यात उरकले जाते. ते निम्मेच खरे आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात संधी, म्हणजे भेगा पडतात. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरील फिंगलच्या गुहेत या भेगांनी बेसॉल्टचे षटकोनी खांब पाडलेले स्पष्ट दिसतात. लाटेचे तुषार अशा भेगांत शिरतात, पाणी वाळते आणि मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढताना भेगेच्या कडा ढकलतात. शिवाय ओलाव्याने ऑलिव्हिनसारख्या खनिजांतले लोह गंजते आणि फेल्डस्पारची चिकणमाती होते. इथवरचे काम विदारणाचे.

मग लाट येते. ती भेगेत अडकलेली हवा दाबते आणि मागे सरताच ती हवा एकदम प्रसरण पावते. हा झटका दर लाटेला बसत राहिल्याने सैल झालेले तुकडे निखळतात. तेच तुकडे आणि गोटे पुढची लाट भिंतीवर आपटते, त्यामुळे पायथ्याशी आधी खाच पडते आणि जिथे भेग असेल तिथे ती खाच आत आत जात गुहा होते. क्वचित छताची भेग वरपर्यंत खुली होते आणि भरतीच्या वेळी तिच्यातून पाण्याचा फवारा उडतो.

खरे मर्म मात्र राडारोडा जातो कुठे, यात आहे. आपल्याकडे सपाटीवर मुरूम आणि माती खडकावरच साचून राहतात. हे पांघरूण जाड होत गेले की त्याखालच्या पाषाणाचे कुजणे मंदावते. किनाऱ्यावर समुद्र हा माल सतत उचलून नेतो, त्यामुळे ताजा खडक पुन्हा उघडा पडतो आणि विदारणाला नवी जागा मिळते. दोन्ही क्रिया एकमेकींना वाट करून देतात. नुसते विदारण असते तर मुरूम झाला असता, गुहा नव्हे. (अजिंठ्याची लेणी या हिशेबात धरू नयेत, ती माणसाने छिन्नीने खोदलेली आहेत. तिथली वाघूर नदीची घळई मात्र क्षरणाची आहे.)

धुळे-नंदुरबारच्या माळावर लांबच लांब भिंतींसारखे डाइक उभे दिसतात. ते लाव्हाच्या भेगांत घुसून घट्ट झालेल्या खडकाचे आहेत. भोवतालचा खडक आधी कुजला, पाण्याबरोबर वाहून गेला आणि चिवट भिंत तेवढी उरली. समुद्रकाठी अशाच एखाद्या डाइकमध्ये शेजारच्या खडकापेक्षा भेगा दाट असल्या, तर हिशेब उलटतो : तीच भिंत आधी पोखरली जाते आणि गुहेचे तोंड नेमके तिच्याच रुंदीचे होते.