पिनवर अडीच व्होल्ट नसतात

‘अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवर अ‍ॅनालॉगराइट या कमांडला १२८ (कमाल २५५च्या जवळपास निम्मं) दिलं की पिनवर अडीच व्होल्ट मिळतात’ हा समज चुकीचा आहे. पिन ० किंवा ५ व्होल्टच देते; बहुतेक पिनांवर ही चालू-बंद सेकंदाला सुमारे ४९० वेळा होते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून फसगत होते.

याहून त्रासदायक समज म्हणजे मोटरआधी ही चालू-बंद सपाट करणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर हवाच. साध्या डीसी मोटरला तो नको. तिच्या वाइंडिंगचं (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचं) इंडक्टन्सच, म्हणजे करंटमधल्या बदलाला होणारा विरोधच, करंट बऱ्यापैकी सपाट करतं. तिला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि मोटरच्या दोन टोकांवर उलटा जोडलेला डायोड द्या. फिल्टरच्या १० किलोओहम रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जेमतेम अर्धा मिलिअँपिअर जातो, मोटर हलणारही नाही.

फिल्टर लागतो ०-५ व्होल्टचा सिग्नल मागणाऱ्या मोटर कंट्रोलरला. तिथे १० किलोओहम, १० मायक्रोफॅरड चालतात. मात्र नवा व्होल्टेज स्थिरावायला अर्धा सेकंद जातो.